पाणी तेवढेच, गाळ तिसरा हिस्सा

पापी टेकड्यांच्या अरुंद घळीतून बाहेर पडून गोदावरी मैदानात येते, तिथे पोलावरम आहे. ब्रह्मगिरीवरून निघालेली ही नदी १,४६५ किलोमीटरचा प्रवास इथे जवळजवळ संपवते. पुढे धवळेश्वरमचा बंधारा, मग फाटे फुटलेला त्रिभुज प्रदेश आणि समुद्र. तीन लाख तेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या या खोऱ्याचा निम्म्याला थोडा कमी भाग महाराष्ट्रात आहे. नाशिकची लाल माती, पैठणची काळी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली भुरकट, यांतले जे काही वाटेत अडले नाही ते पोलावरमवरून पुढे जाते. आंध्र विद्यापीठातील के. नागेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी २०१० साली या गाळाचा हिशेब प्रसिद्ध केला. १९७० ते ७९ या काळात त्रिभुज प्रदेशात शिरणारा तरंगता गाळ वर्षाला सरासरी १५०.२ दशलक्ष टन होता. २००० ते २००६ या काळात तो ५७.२ दशलक्ष टनांवर आला. पाण्यात मात्र तसा मोठा बदल आढळला नाही.

नदी पाणी वाहते आणि पाणी माती वाहते, तेव्हा पाणी मोजले की माती कळली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. धरणाच्या फायली, पाणीवाटपाचे दावे, दुष्काळाचे अहवाल या समजावरच उभे असतात. वरचे आकडे त्याला छेद देतात. हवामान बदलते आहे, पावसाचे दिवस बदलताहेत, तर नद्यांचा गाळ किती बदलेल, हा प्रश्न आता जगभर विचारला जातो. त्याचे उत्तर वर्षाच्या एकूण पाण्यावरून काढायला गेले की ते बहुतेक वेळा चुकते, आणि कुठल्या दिशेने चुकते हेही आधी सांगता येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात: पाणी कोणत्या दिवशी किती आले, आणि त्या पाण्याला उचलायला माती किती मोकळी होती. ही फोड कागदावर सोपी वाटते. नदीकाठी ती किती अवघड आहे हे गाळ मोजण्याची रीत पाहिल्यावर कळते.

बाटली, दोर आणि गाळणकागद

केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे गोदावरीच्या खोऱ्यात ठिकठिकाणी आहेत: परभणी जिल्ह्यात ढालेगाव, नांदेडमध्ये येळी, वर्धा नदीवर बामणी, वैनगंगेवर आष्टी, प्राणहितेवर टेकरा, इंद्रावतीवर पाथागुडम. काठावर आकडे रंगवलेल्या पट्ट्या असतात. पातळी त्यांवरून वाचतात आणि पुराच्या दिवसांत तासातासाला वाचतात. प्रवाह मोजण्यासाठी पात्राची रुंदी भागांत विभागतात. प्रत्येक भागात नाव नेऊन खोली घेतात आणि खोलीच्या सहादशांश अंतरावर वाट्यांचे चक्र सोडून त्याचे फेरे मोजतात. फेऱ्यांवरून वेग, वेग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारावरून प्रवाह. त्याच खोलीवर जड चौकटीत बसवलेली बाटली सोडतात, दोरीने बूच उघडतात आणि भरलेली बाटली वर घेतात. गाळाचा नमुना तो एवढाच.

पुढचे काम छोट्या प्रयोगशाळेत होते. ०.२ मिलिमीटरहून जाड कण चाळणीवर राहतात. त्याहून बारीक, पण ०.०७५ मिलिमीटरपर्यंतचे, भांड्याच्या तळाशी बसू देतात. उरलेले गढूळ पाणी गाळणकागदातून जाते, कागद भट्टीत वाळतो आणि त्याचे वजन होते. लिटरमागे काही ग्रॅम, काही वेळा ग्रॅमचा अंशच. या आकड्याला त्या दिवसाच्या प्रवाहाने गुणले की त्या दिवसाचा गाळ टनांत मिळतो. १५०.२ दशलक्ष टन ही भव्य संख्या म्हणजे अशा वाळलेल्या कागदांची बेरीज आहे. तळाशी घरंगळत जाणारी वाळू आणि गोटे बाटलीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी बहुधा ठरावीक टक्के धरून मोकळे होतात.

ही मेहनतीची आणि शिस्तीची रीत आहे. तिची अडचण घड्याळात आहे. प्रवाहाचे आणि गाळाचे मापन दिवसा होते, नेहमीची वेळ सकाळी आठची. सह्याद्रीच्या उतारावरचा किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या उपनदीचा पूर रात्री चढून पहाटेपर्यंत ओसरू शकतो. शिवाय पाणी खरोखर अंगावर येते तेव्हा नाव घालणेच धोक्याचे असते. मग पातळीवरून प्रवाहाचा अंदाज घेतात आणि गाळाचा रकाना जुन्या संबंधावरून भरला जातो. ज्या तासांत सर्वांत जास्त माती जाते त्याच तासांत बाटली पाण्यात जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

रेषेचा चढ आणि रेषेची उंची

तो जुना संबंध म्हणजे अभियंते ज्याला सेडिमेंट रेटिंग कर्व्ह म्हणतात ती रेषा. अनेक दिवसांचा प्रवाह एका अक्षावर आणि त्या त्या दिवसाचा गाळ दुसऱ्यावर, दोन्ही लॉगरिथमच्या मापात मांडले की ठिपक्यांचा ढग तिरका लांबट दिसतो. त्यातून एक सरळ रेषा काढतात. सूत्रात सांगायचे तर गाळ म्हणजे प्रवाहाचा कुठलातरी घात, गुणिले एक स्थिरांक. घातांक बहुतेक नद्यांत दीड ते अडीचच्या दरम्यान येतो. दोन धरला तर प्रवाह तिप्पट झाल्यावर गाळ नऊपट होतो, दहापट झाल्यावर शंभरपट.

सगळा घोळ या घातांकात आहे. समजा दोन दिवस प्रत्येकी १०० एकक पाणी आले. घातांक दोन असेल तर गाळाची बेरीज २०,००० एकक. आता तेवढेच २०० एकक पाणी एका दिवशी २० आणि दुसऱ्या दिवशी १८० असे आले, तर गाळ ३२,८०० होतो. पाणी थेंबभरही वाढले नाही, गाळ ६४ टक्क्यांनी वाढला. पुढे जाऊन एकूण पाणी दहा टक्क्यांनी कमी करू: २० आणि १६०. गाळ २६,०००, म्हणजे तरीही आधीपेक्षा ३० टक्के जास्त. सरासरी प्रवाह दहा टक्क्यांनी घटेल म्हणून गाळही घटेल, असे विधान एखाद्या अहवालात दिसले तर ही दोन ओळींची बेरीज करून पाहावी.

आपल्याकडे पाऊस नेमका याच दिशेने सरकतो आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. त्यामुळे हंगामाची सरासरी फारशी हललीच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचे आढळले. सरासरी पाहणाऱ्याला यात काही घडलेले दिसणार नाही. गाळाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे, कारण मध्यम पावसाचे दिवस कमी करून तेच पाणी मोजक्या दिवसांत कोंबले की काय होते, ते वरच्या बेरजेत आलेच आहे.

रेषेला दुसरे अंगही आहे, आणि चर्चेत ते बहुतेक गळते. घातांक रेषेचा चढ सांगतो. स्थिरांक तिची उंची सांगतो. ठरावीक प्रवाहात किती गाळ असेल हे त्या उंचीवर ठरते, आणि उंची ठरते मोकळ्या मातीवर. एकाच पावसाळ्यात ही रेषा वर-खाली होते. उन्हाळी नांगरट झालेली, भेगाळलेली काळी जमीन मृगाच्या पाण्याखाली येते तेव्हा ओढ्याला येणारे पाणी दाट असते. तेवढेच पाणी भाद्रपदात, पिके उभी राहिल्यावर आणि सुटी माती आधीच वाहून गेल्यावर, बरेच निवळ असते. एकाच पुरातही चढत्या पाण्यात गाळ सहसा जास्त असतो, उतरत्या पाण्यात कमी. या सगळ्या ठिपक्यांमधून एक रेषा काढणे म्हणजे जून आणि सप्टेंबर एकाच मापाने मोजणे झाले.

त्यात गणिताचा आणखी एक खळगा आहे. लॉगरिथमच्या मापात काढलेली मधली रेषा साध्या मापात परत आणली की ती सरासरीच्या खाली पडते. आर. आय. फर्ग्युसन यांनी १९८६ साली दाखवले की या एका कारणाने नदीचा गाळ निम्म्यापर्यंत कमी दाखवला जाऊ शकतो, आणि त्यावरची दुरुस्तीही सुचवली. ही दुरुस्ती केली आहे की नाही, हा गाळाच्या कुठल्याही अहवालाला विचारण्याचा पहिला प्रश्न असावा.

कृष्णेचा फसवा मेळ

आता गोदावरी आणि कृष्णा शेजारी ठेवून पाहू. राव आणि सहकाऱ्यांच्याच अभ्यासात कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात येणारे पाणी १९५१–५९ मध्ये वर्षाला ६१.८८ अब्ज घनमीटर होते, २०००–०८ मध्ये ११.८२ उरले. तरंगता गाळ १९६६–६९ मध्ये ९ दशलक्ष टन होता, तो ०.४ वर आला. पाणी पाचव्या हिश्श्याहून कमी, गाळ बाविसाव्या हिश्श्याच्या आसपास. पाण्याच्या घटीतून गाळाची घट काढायला कोणता घातांक लागेल असा हिशेब केला तर उत्तर १.९ च्या जवळ येते, म्हणजे पुस्तकात असतो तसाच. पाणी कमी झाले म्हणून गाळ कमी झाला, असे म्हणून इथे वही मिटता येईल.

पण हा मेळ फसवा आहे. एक तर दोन्हींची आरंभीची वर्षे जुळत नाहीत, आणि गाळाची पहिली नोंद होत होती त्याच सुमारास नागार्जुनसागरात पाणी अडू लागले होते. दुसरे असे की रोजच्या प्रवाहाचा घातांक वर्षाच्या बेरजेला लावणे मुळातच सैल आहे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. कृष्णेचे पाणी आणि कृष्णेचा गाळ दोन्ही एकाच ठिकाणी, धरणांत, अडले. पाणी कालव्यांत गेले, गाळ तळाशी बसला. एकाच कारणाची ही दोन फळे आहेत; त्यांतले एक दुसऱ्याचे कारण ठरवले तर गणित जुळते आणि समजूत चुकते.

ही समजूत चुकीची ठरवायला गोदावरीच हवी. तिथे पाणी फारसे हलले नाही, म्हणून पाण्यावर खापर फोडता येत नाही. ढोबळमानाने वर्षाला १०० अब्ज घनमीटर पाणी धरले तर सत्तरच्या दशकात लिटरमागे दीड ग्रॅम माती होती, नंतर अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त. तेच पाणी निवळ झाले, म्हणजे रेषाच खाली घसरली. मधल्या काळात जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झाले, श्रीरामसागर आले, माजलगाव आले, इंद्रावतीच्या वरच्या अंगाला धरण झाले. शिवाय पाण्याचा मोठा वाटा प्राणहिता, इंद्रावती आणि शबरी या पूर्वेकडच्या उपनद्यांचा असतो. पश्चिमेच्या कोरड्या, काळ्या मातीच्या पठारावरचे पाणी अडले तरी खालच्या बेरजेत ते कमी जाणवते; त्या पाण्यातली माती अडली ती मात्र अडलीच. खोऱ्याच्या कोणत्या भागातून पाणी येते आणि कोणत्या भागातून माती येते, हे दोन वेगळे नकाशे आहेत.

रेषा घसरली हे ओळखायला एक साधी युक्ती वापरतात. वर्षागणिक साठत गेलेले पाणी आडव्या अक्षावर आणि साठत गेलेला गाळ उभ्या अक्षावर मांडायचा. संबंध कायम असेल तर रेघ सरळ जाते. ज्या वर्षी ती वाकते त्या वर्षाच्या आसपास खोऱ्यात काहीतरी बदलले असे समजायचे. वाकण्याआधीचा संबंध पुढे नेला की पाण्याच्या बदलाने किती गाळ घटला असता ते कळते, आणि प्रत्यक्षातली बाकी घट माणसाच्या खात्यावर जाते. ही वजाबाकी उपयोगी आहे, पण वर्षाच्या बेरजेवर केली तर तिच्यातही मघाचा दोष राहतो: पूर कमी दिवसांत दाटले असतील तर ‘पाण्याचा’ वाटा मोजण्यात आधीच कमी पडलेला असतो. ती रोजच्या नोंदींवरच करायला हवी.

चार हजार वर्षांचा चिखल

धरणांचा परिणाम इतका मोठा असेल तर पावसाच्या वाटणीची चिंता कशाला, असा आक्षेप इथे येईल. धरणे नव्हती तेव्हाचे गोदावरीचे उत्तर समुद्रतळाशी साठून आहे. अमेरिकेतील वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेतले लिव्यू जोसन आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या उपसागरात गोदावरीच्या मुखापुढे काढलेल्या चिखलाच्या खांबाचा अभ्यास २०१७ साली मांडला. त्यांचा निष्कर्ष साध्या तर्काच्या उलटा आहे. गेल्या काही सहस्रकांत मान्सून क्षीण होत गेला तसा समुद्रात येणारा गाळ वाढला, आणि त्यात दख्खनच्या काळ्या दगडाची खूण ठळक होत गेली. पाऊस घटला, गवत आणि झाडोरा विरळ झाला, उघड्या पडलेल्या जमिनीवर मान्सूनच्या सरी मात्र जोरानेच पडत राहिल्या. नंतर शेतीने त्यात भर घातली. प्रवरेकाठचे दायमाबाद आणि घोडकाठचे इनामगाव ही ताम्रपाषाणयुगीन गावे दख्खनमधल्या या जुन्या शेतीचीच साक्ष आहेत. पाणी कमी आणि गाळ जास्त, हे वरच्या दोन दिवसांच्या उदाहरणात आकड्यांनी दिसले होते. इथे तेच खऱ्या खोऱ्यात, सहस्रकांच्या मापात दिसते. फक्त इथे पावसाच्या वाटणीसोबत रेषेची उंचीही वाढली होती.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. वोलमन आणि मिलर यांनी १९६० साली मांडले की नदीचे बहुतेक काम विक्राळ पूर करत नाहीत. वारंवार येणारे मध्यम पूर करतात, कारण मोठा पूर क्वचित येतो. मग टोकाच्या दिवसांना एवढे महत्त्व का? याचे उत्तर दोन टप्प्यांत आहे. त्यांचा युक्तिवाद मुख्यतः अमेरिकेतल्या नद्यांवर उभा होता, जिथे पाणी तुलनेने वर्षभर पसरून येते. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक प्रवाह चार महिन्यांत असतो, आणि तापीसारखी नदी उंच काठांच्या खोल पात्रातून वाहते. मोठा पूर तिथे पसरून दुबळा होत नाही, त्याची ताकद पात्रातच राहते. पुणे विद्यापीठातील विश्वास काळे आणि त्यांचे सहकारी यांनी तापीच्या पुरांवर केलेल्या कामात हा मुद्दा आला आहे. पण समजा मध्यम पूरच खरे कामकरी ठरले, तरी मूळ म्हणणे ढळत नाही. वोलमन आणि मिलरही वारंवारिता गुणिले परिणाम असाच हिशेब मांडत होते. सरासरीला त्यांच्याही गणितात जागा नव्हती.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढ्या अनिश्चिततेत अंदाज कशाला, सरळ धरणाचा तळ मोजा. मोजावाच. पण तळाचे मापही अंतिम सत्य नसते. तुंगभद्रा धरण १९५३ साली भरले तेव्हा त्याची क्षमता सुमारे १३३ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. २००८ च्या सर्वेक्षणात ती सुमारे १०१ निघाली आणि २०१६ च्या सर्वेक्षणात सुमारे १०६. मधल्या आठ वर्षांत कुणी पाच टीएमसी गाळ उपसला नव्हता. मोजण्याची पद्धत बदलली होती. शिवाय तळ मोजला की काल काय झाले ते कळते. पुढच्या तीस वर्षांत पाऊस निराळ्या दिवशी पडला तर काय होईल, ते कळत नाही.

संकल्पनातली एकच संख्या

आपली बहुतेक मोठी धरणे ज्या काळात आखली गेली तेव्हा गाळाचा अंदाज बऱ्याचदा एका दराने घेतला जाई. ए. एन. खोसला यांनी १९५३ साली सुचवलेला दर होता दर १०० चौरस मैलांमागे वर्षाला ७५ एकरफूट, आजच्या मापात १०० चौरस किलोमीटरमागे साधारण ३.६ हेक्टरमीटर. हाताशी नोंदी नसताना काढलेली ती शहाणी संख्या होती. पण त्या संख्येत ना उतार आहे, ना पीक, ना पुराचा आकार. अनेक जलाशय संकल्पनापेक्षा वेगाने भरताना दिसले यात आश्चर्य नाही. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे, त्यातला ७३८ दलघमी मृतसाठा. गाळ मृतसाठ्यात जाऊन मुकाट बसेल अशी यात अपेक्षा असते. प्रत्यक्षात जाड गाळ फुगवट्याच्या शेपटाकडे, पाणी संथ होते तिथेच पडतो, म्हणजे उपयुक्त साठ्यात. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर कोणती जमीन दरवर्षी थोडी वर आली आहे ते ठाऊक असते.

नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्याच्या एकेका टीएमसीवरून दरवर्षी वाद होतो. त्या पाण्यासोबत किती माती आली किंवा अडली, याची वादात कुणी आठवण काढल्याचे दिसत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत निदान गाळाला भाव मिळाला. तलावांतून निघालेली माती शेतात गेली. मात्र उपसा म्हणजे रेषेच्या टोकाला जमा झालेल्या बाकीची फेड. एखाद्या पाझर तलावात दोन ढगफुटींनी किती गाळ येतो आणि दहा मध्यम पावसांनी किती, हे तिथे उपसण्याच्या ट्रॉल्या मोजूनही समजू शकले असते, कारण लहान तलाव ही फुकटची प्रयोगशाळा असते. पाऊस, तलावाची वर्षाची पातळी आणि बाहेर काढलेली माती या तीन नोंदी एकत्र ठेवल्या तर त्या खोऱ्यापुरती रेषेची उंची हाती येते.

अंदाजाची नवी साधने यातले बरेचसे मान्य करून चालतात. विल्यम्स यांनी १९७५ साली मातीच्या धुपीचे जुने सूत्र बदलले तेव्हा त्यात पावसाच्या जोराच्या जागी वाहून आलेले पाणी आणि त्या पुराचा शिखर-प्रवाह या दोहोंचा गुणाकार घातला. आज वापरात असलेल्या कितीतरी संगणकीय प्रारूपांच्या पोटात तेच सूत्र आहे. शिखर वेगळे विचारणारे सूत्र असूनही त्याला महिन्याच्या सरासरीचे पाणी खाऊ घातले जाते, तेव्हा दोष सूत्राचा नसतो. रेषा जुन्या काळाच्या नोंदींवर बेतलेली असते हाही दोष नाही, ती मर्यादा आहे. तिच्यावर उतारा म्हणजे एकच आकडा न देता पट्टा देणे: पाऊस असा वाटला गेला आणि माती एवढी मोकळी असली तर एवढा, नाहीतर एवढा. अभियंत्याला पट्टा आवडत नाही, कारण भिंतीची उंची एकच ठरवावी लागते. पण गढूळपणा सतत टिपणारे संवेदक आता आहेत. बाटलीच्या नमुन्यांनी त्यांची पारख करून घेतली की रात्रीचा पूरही नोंदीत येतो आणि पट्टा अरुंद होतो.

पोलावरमला ही निकड सर्वांत जास्त आहे. तिथे उभ्या राहत असलेल्या धरणाच्या सांडव्याला ४८ दरवाजे आहेत आणि तो ५० लाख क्युसेक पुरासाठी आखला आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये धवळेश्वरमला सुमारे ३५ लाख क्युसेक पाणी आले होते, जुलै २०२२ मध्ये सुमारे २६ लाख. धरण भरू लागले की त्याखालची जुनी रेषा निकालात निघेल. खाली येणारा गाळ नदीपेक्षा दरवाजांच्या वेळापत्रकावर ठरेल. पुराच्या चढत्या, दाट पाण्यात दरवाजे उघडे ठेवायचे आणि उतरत्या, निवळ पाण्यात साठा करायचा, की उलट, यावर खालच्या किनाऱ्याचे भवितव्य अवलंबून आहे. कृष्णा-गोदावरीच्या ३३६ किलोमीटरच्या जोडकिनाऱ्याने १९६५ ते २००८ दरम्यान ७६ चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे. दरवाजांचे वेळापत्रक बसवण्याआधी चढत्या आणि उतरत्या पाण्याच्या दोन वेगळ्या रेषा त्याच ठिकाणच्या जुन्या रोजच्या नोंदींतून काढून ठेवता येतील. नोंदी आहेत, धरण अजून भरलेले नाही, तोवरच त्या रेषा मोकळ्या नदीच्या असतील.